यूकेत ज्युनियर बॅरिस्टरला ह्यूमन राइट्सच्या कामात पैसे मिळतात का, आणि केसेस खरंच जिंकता येतात का?

पैसे फार नाहीत, निदान लीगल एडच्या (म्हणजे गरीब पक्षकारांचा खर्च सरकार देतं त्या) कामात तरी. ज्युडिशियल रिव्ह्यूचा, म्हणजे सरकारी निर्णय कायदेशीर आहे का हे कोर्टाने तपासावं असा, दावा लावला आणि कोर्टाने तो पुढे चालवायला परमिशनच नाकारली तर त्या कामाचे पैसे बुडाले, २०१४ पासून असंच आहे. प्युपिलेज (बॅरिस्टरची उमेदवारी), इन (बॅरिस्टरांच्या जुन्या संस्था) वगैरे तुम्ही वाचलंच असेल. मी लिहायला बसलो ते "खरंच जिंकता येतात का" मुळे, कारण हेच माझा मामा मला सहा वर्षं विचारतोय.

मामा साताऱ्याला दिवाणी वकिली करतो. मी बॅरिस्टर झालो तेव्हा पेढे वाटले आणि भाचा बाबासाहेबांच्या ग्रेज इनचा म्हणून गावभर सांगितलं (मी मिडल टेंपल या दुसऱ्या इनचा, पण असो).

तर जानेवारीतला शुक्रवार, साडेचारला सॉलिसिटरचा (पक्षकार आधी ज्याच्याकडे जातो त्या वकिलाचा) फोन. एक बाई, दोन लहान मुलं, घर गेलेलं, आणि कौन्सिल (म्हणजे तिथली पालिका) म्हणतंय तुमचं लोकल कनेक्शन, आमच्या भागाशी नातं, आमच्याकडे नाही, दुसरीकडे जा. अहो, हाउसिंग ॲक्ट १९९६ चं सेक्शन १८८ सरळ आहे, बेघर असतील असं वाटायला कारण असेल आणि पदरी मुलं असतील तर चौकशी होईपर्यंत राहायची सोय करायचीच, केस दुसऱ्या कौन्सिलकडे पाठवायची की नाही ते नंतर बघा. सातपर्यंत कागद तयार केले, नऊला ड्यूटी जज (कोर्ट बंद असताना तातडीचे अर्ज ऐकणारे) फोनवर, मी किचनमध्ये कुकर बंद करून उभा, कारण शिट्टी झाली असती तर काय सांगणार. दहाच्या आत ऑर्डर, अकराला त्यांना हॉटेलात खोली.

दोन आठवड्यांनी कौन्सिलने आपला निर्णय गुंडाळला, दोन्ही बाजूंच्या संमतीने कन्सेंट ऑर्डर झाली आणि आम्ही दावा मागे घेतला. हे मामाला सांगितलं तर म्हणे, "मागे घेतलास? पक्षकार फुटला का?" आता याला काय समजवायचं! पब्लिक लॉमध्ये, म्हणजे सरकारी निर्णयांविरुद्धच्या कामात, चांगली केस बऱ्याचदा अशीच संपते, ना निकाल, ना लॉ रिपोर्टमध्ये नाव. मामाचं दुसरं म्हणणं असं की कोर्टाने निर्णय रद्द केला तरी कौन्सिल नीट कारणं लिहून पुन्हा तोच घेणार. हे खरं आहे, कोर्ट निर्णय कायदेशीर झाला का एवढंच बघतं. पण तोवर पोरं छपराखाली होती ना? मामाच्या एका दाव्यात तारखा पडता पडता पक्षकार वारले, निकाल वारसांच्या हातात पडला, आणि ती केस तो जिंकलेली धरतो.

तुम्हाला यायचंच असेल तर स्ट्रासबर्गचे (युरोपियन मानवी हक्क कोर्टाचे) निकाल पाठ करत बसू नका, आधी हाउसिंग आणि कम्युनिटी केअरचे (आजारी, अपंग, वृद्धांच्या देखभालीचे) कायदे वाचा. बाईंच्या दाव्यात युरोपियन मानवी हक्क कराराचं कलम ८ (खाजगी आणि कौटुंबिक जीवनाचा हक्क) शेवटच्या एका पॅराग्राफमध्ये होतं, जजने त्याबद्दल विचारलंसुद्धा नाही.

बाईंच्या केसचे तपशील थोडे बदललेत. त्यांचा इमिग्रेशनचा प्रश्न नव्हता, असता तर गणित वेगळं. आणि "ज्युनियर" वर जाऊ नका, केसी (किंग्ज कौन्सेल, म्हणजे सीनियर बॅरिस्टर) झाला नाही तो इथे साठीतही ज्युनियरच. ज्युडिशियल रिव्ह्यूचा दावा लावायची मुदत जास्तीत जास्त तीन महिने, पण तेवढे थांबलात तरी उशीर केला म्हणतात, प्लॅनिंगमध्ये तर सहाच आठवडे. हे सगळं इंग्लंड-वेल्सचं. स्कॉटलंडमध्ये बॅरिस्टर नसतात, आपल्यासारखे ॲडव्होकेटच असतात, हे मामाला अजून सांगितलेलं नाही.