रोपे शंभर, पण झाडे किती?

प्रश्न : आमच्या जुन्नर तालुक्यातील एका कड्यावर शिंदळ माकुडी दरवर्षी पावसाळा सरता सरता फुलते. ती दुर्मिळ आहे हे वाचून आमच्या निसर्गमंडळाने तिच्या फांद्या लावून शंभरेक रोपे तयार केली आहेत आणि ती आसपासच्या डोंगरांवर लावण्याचा विचार आहे. एका प्राध्यापकांनी मात्र आधी डीएनए मार्करची तपासणी करून घ्यावी, असे सुचवले. रोपे उत्तम वाढत असताना या खर्चाची गरज काय? – एक वाचक, जुन्नर

उत्तर : रोपे जोमाने वाढत आहेत हे चांगलेच आहे, परंतु त्यांच्यासाठी फांद्या किती झाडांवरून घेतल्या, याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही आणि प्राध्यापकांची शंका नेमकी तिथेच असावी. फांदीपासून वाढलेले रोप ही मूळ झाडाची जनुकीय नक्कल असते. सगळ्या फांद्या एकाच झुबक्यावरून घेतल्या असतील, तर मोजायला रोपे शंभर असली तरी जनुकांच्या हिशेबात झाड एकच ठरते आणि ज्या रोगाला त्यातले एक रोप बळी पडेल, त्याला बाकीची नव्याण्णवही पडण्याची भीती राहते.

शिंदळ माकुडीच्या बाबतीत ही चूक होणे अगदी सोपे आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅलझेल यांनी १८६० च्या दशकात जुन्नर परिसरातील नमुन्यांवरून तिचे वर्णन केले आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावावरून तिला फ्रेरिआ इंडिका हे शास्त्रीय नाव दिले. ही मांसल वनस्पती कातळाच्या फटीत मूळ धरते, उन्हाळ्यात पाने गाळते आणि फांदी लावली की सहज जगते. तिच्या तपकिरी-लाल, पिवळ्या ठिपक्यांच्या फुलांना कुजक्या मांसासारखा वास येतो, त्यामुळे माशा येतात आणि परागकणांची पुडकी एका फुलाकडून दुसऱ्याकडे नेतात. या मार्गाने बी धरले तरच जनुकांची नवी जुळणी होते. फांद्या लावून ती कधीच होत नाही.

आता मार्करविषयी. मार्कर म्हणजे झाडाझाडांतला फरक दाखवणारी डीएनएवरची खूण. डीएनएच्या साखळीवर काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. एका झाडात तो बारा वेळा येत असेल, तर शेजारच्या झाडात पंधरा वेळा येतो. प्रत्येक झाडाला अशा ठिकाणाच्या दोन प्रती मिळतात, एक बीजांडाकडून आणि एक परागाकडून. अशी दहा-पंधरा ठिकाणे एकत्र तपासली की प्रत्येक झाडाची ओळख पटते. या तुकड्यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. अलीकडे एकेका अक्षराचा फरक टिपणारे हजारो मार्करही एका वेळी तपासता येतात. कड्यावरचा पसरलेला झुबका एकच झाड आहे की शेजारी शेजारी वाढलेली सात-आठ, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. मार्करने सांगता येते. दोन कड्यांवरच्या झाडांमध्ये परागाची किंवा बियांची देवाणघेवाण होत होती की ती पूर्वापार वेगळी पडली आहेत, याचाही अंदाज त्यातून येतो.

या प्रश्नातला सर्वात बोलका धडा हवाईमधील मौना केआ या ज्वालामुखी पर्वतावरचा आहे. तिथला सिल्व्हरस्वर्ड म्हणजे चंदेरी पानांचा गुच्छ. तो कित्येक वर्षे वाढतो, एकदाच फुलतो आणि मरतो. बाहेरून आणलेल्या मेंढ्या-बकऱ्यांनी ही जात इतकी चरून टाकली की रानात काही डझनच झाडे उरली. १९७० च्या दशकापासून तिथे रोपे लावण्याचा मोठा कार्यक्रम झाला आणि साडेचारशेहून अधिक रोपे लागली. पुढे ध्यानात आले की ती सगळी केवळ दोन मातृवृक्षांची संतती होती. रानातल्या उरलेल्या झाडांमध्ये असलेली विविधता लावलेल्या झाडांत काही अंशी हरवली असल्याचे मायक्रोसॅटेलाइट तपासणीने दाखवले. शिवाय या जातीत स्वतःच्याच परागाने बी धरत नाही, त्यामुळे जवळच्या नात्यातली झाडे एकमेकांना फारशी उपयोगी पडत नाहीत. त्यानंतर रानातल्या झाडांचे पराग हाताने एकमेकांना देऊन अधिक मातृवृक्षांपासून बी मिळवण्याचे काम सुरू झाले. हे आधी केले असते तर बरीच वर्षे वाचली असती, असे मला वाटते.

मात्र याचा अर्थ दिसेल त्या कड्यावरची झाडे एकत्र करावीत असा नाही. दूर दूर वाढलेल्या आणि आपापल्या हवामानाशी जुळलेल्या झाडांची सरमिसळ केल्यास पुढची पिढी दुबळी निघू शकते. म्हणून शेजारच्या डोंगरावर लावण्याआधी तिथे मूळची शिंदळ माकुडी आहे का, हे पाहावे.

नमुने घेणे अवघड नाही. प्रत्येक झाडाच्या पानाचा नखाएवढा तुकडा कागदी पाकिटात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवतात आणि पाकिटावर झाडाचा क्रमांक लिहितात. पाने मांसल असल्याने ती सुकायला वेळ लागतो आणि त्यातला चिकट रस डीएनए वेगळा काढताना त्रास देतो. हे प्रयोगशाळेला आधीच कळवावे. रोपवाटिकेतील रोपांनाही क्रमांक द्यावेत आणि कोणते रोप कोणत्या झाडापासून आले याची वही ठेवावी. याला खर्चही नाही आणि तपासणी नंतर झाली तरी वही उपयोगी पडते. वनखात्याची, आणि कडा किल्ल्याचा असल्यास पुरातत्त्व खात्याचीही, लेखी परवानगी हवीच.

प्रश्न : तपासणीत विविधताच आढळली नाही, तर ती जात वाचवण्यात अर्थ उरतो का? – एक वाचक, सातारा

उत्तर : उरतो. ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या वायव्येला एका खोल दरीत १९९४ मध्ये सापडलेल्या वोलेमी पाइनची शंभराहून कमी प्रौढ झाडे रानात आहेत आणि मार्करच्या तपासणीत त्यांच्यात फरक जवळपास सापडलाच नाही. अशा वेळी रोपवाटिकेत विविधता जपण्याचा प्रश्न मागे पडतो आणि रोग दरीत शिरू न देणे हेच मुख्य काम होते. तिथे बुटांच्या मातीतून मुळे कुजवणारा रोगकारक पोहोचल्याची शंका होतीच. म्हणूनच त्या दरीचा नेमका ठावठिकाणा जाहीर केला जात नाही. सह्याद्रीतल्या दुर्मिळ फुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकताना मोबाइलमधले ठिकाण बंद ठेवावे, हे त्याच कारणासाठी.