क्लाउड की सायबर ते नंतर, आधी सही कशावर केलीत ते बघा

पत्र थोडक्यात असं: वय २९, चार वर्षं अकाउंट्समध्ये नोकरी, आता आयटीत जायचंय. एका इन्स्टिट्यूटचा सहा महिन्यांचा फुल टाइम कोर्स पक्का केलाय. फी दहा महिन्यांच्या पगाराएवढी, 'झिरो कॉस्ट ईएमआय'वर २४ हप्ते, सह्या झाल्यात, जामीनदार म्हणून ताईची सही घेतलीय. बॅच तीन आठवड्यांनी, राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये पडून आहे. आणि प्रश्न काय, तर क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने वापरायचे सर्व्हर सांभाळणं) घेऊ की सायबर सिक्युरिटी?

अहो, तुमचा प्रश्न तो नाहीच आहे.

मी सगळा हिशोब पगारात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला स्वतःचा आकडा घालून बघायचा असेल तरी बघता येईल. तुमचा घरखर्च पगाराच्या ७० टक्के, गाठीला तीन पगार.

आधी ते 'झिरो'. तुम्ही जे पत्रक जोडलंय त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलंय की एकरकमी भरल्यास १५ टक्के सूट. म्हणजे कोर्सची खरी किंमत साडेआठ पगार, आणि हप्त्यांनी तुम्ही देणार दहा. मग वरचा दीड पगार व्याज नाही तर काय आहे? मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं हे धरून दर काढला तर वर्षाला साधारण १६ टक्के पडतो. झिरो म्हणे!

आणि हे हप्ते तुम्ही इन्स्टिट्यूटला देताय असं तुम्ही दोनदा लिहिलंय, तसं नाहीये. करारावर नाव फायनान्स कंपनीचं आहे, इन्स्टिट्यूट तिचे पैसे आधीच घेऊन मोकळी होणार, नंतर शिकवणारा मधेच सोडून गेला किंवा तुम्हालाच दुसऱ्या महिन्यात कळलं की हे आपलं काम नव्हे, तरी हप्ता चालूच, आणि तो चुकला की फोन ताईला जाणार.

आता राजीनामा. कोर्सचे सहा महिने, नोकरी शोधायला मी चार धरतोय (तुम्ही शून्य धरलेत). दहा महिन्यांचा घरखर्च सात पगार, हप्ते चारच्या वर, म्हणजे लागणार अकरा आणि आहेत तीन. बाकीचे आठ कुठून, क्रेडिट कार्डवरून? शिवाय हे दहा महिने पगार येणार नाही तो धरला तर कोर्स तुम्हाला दहाला नाही, वीस पगारांना पडतो. सेल्सवाला म्हणतो तसा पगार दुप्पट झाला तरी वीस महिने नुसते वसुलीत जाणार. पण नवख्याला ३० टक्के वाढ मिळाली तर? वीस भागिले ०.३, साडेपाच वर्षं. टॅक्स मी धरलेलाच नाही.

पत्रकात '१०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स' आहे. असिस्टन्स म्हणजे मदत हो, नोकरी नव्हे. त्याखाली सर्टिफिकेशनची यादी आहे त्यात सीआयएसएसपी, म्हणजे सिक्युरिटीतल्या अनुभवी लोकांचं सर्टिफिकेट, बघून मी कपाळावर हात मारला. त्याला सिक्युरिटीतल्या कामाचा पाच वर्षांचा अनुभव लागतो, डिग्री वगैरे असेल तर फार तर एक वर्ष सूट. परीक्षा आधी देता येते, पण पास होऊनही हातात नुसतं 'असोसिएट' येतं. हे अकाउंट्समधल्या नवख्या माणसाला विकणाऱ्याला एकतर काही माहीत नाही किंवा सगळं माहीत आहे. परीक्षांची फी पॅकेजमध्ये आहे का तेही विचारा. आणि ही सर्टिफिकेट्स आयुष्यभराची नसतात, कॉम्पटिया ए प्लस (कॉम्प्युटर सपोर्टचं), सीसीएनए (नेटवर्किंगचं), एडब्ल्यूएस (ॲमेझॉनच्या क्लाउडचं) सगळी तीन तीन वर्षांची.

मग करायचं काय? नोकरी सोडू नका. आठवड्याला दहा तास काढा, वर्षात पाचशे होतात. हार्वर्डचा सीएस५० हा कॉम्प्युटर सायन्सचा सुरुवातीचा कोर्स ऑनलाइन फुकट आहे, तो पूर्ण करा, त्यात सी आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा आणि डेटाबेससाठीचं एसक्यूएल, तिन्ही येतं. मग जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाका, नेटवर्किंगची बेसिक्स करा, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) शिका.

आणि तुमच्याकडे जे आहे ते तुम्हाला दिसतच नाहीये. तुम्ही लिहिलंय की महिनाअखेरीस बँक स्टेटमेंट आणि लेजर टॅली करण्यात दोन दिवस जातात. हाच तुमचा प्रोजेक्ट! पायथनमध्ये दोन्ही फाइल वाचायच्या, तारीख आणि रक्कम जुळवायची, एकाच रकमेच्या दोन एंट्र्या आल्या की काय करायचं, चेक चार दिवस उशिरा वटला तर काय करायचं, हे तुम्हाला जितकं माहीत आहे तितकं सहा महिन्यांची बॅच करून आलेल्या पोराला माहीत नसणार. खोटा डेटा बनवून सगळं गिटहबवर, म्हणजे कोड लोकांना दाखवायच्या साइटवर, टाका, ऑफिसचा खरा डेटा चुकूनही नको. इंटरव्ह्यूत यावर अर्धा तास बोलता येईल, आणि ईआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), डेटा, फायनान्स सॉफ्टवेअरवाल्या कंपन्यांना असाच माणूस हवा असतो.

क्लाउड की सायबर? आत्ता दोन्ही नाही. सहा महिन्यांनी गोडी टिकली असेल तर एडब्ल्यूएसची क्लाउड प्रॅक्टिशनर ही सुरुवातीची परीक्षा द्या, पास झालात की पुढच्या परीक्षेला ५० टक्के सूट मिळते. सिक्युरिटी नेटवर्किंग आल्याशिवाय नको.

कर्जाचं मात्र आजच. करारात कॅन्सलेशन किंवा कूलिंग ऑफचं (सहीनंतर ठरावीक दिवसांत माघार घेण्याचं) कलम शोधा, मुदत किती दिवसांची ते बघा आणि इन्स्टिट्यूट आणि फायनान्स कंपनी दोघांना एकाच मेलमध्ये कळवा की प्रवेश आणि कर्ज दोन्ही रद्द करायचंय. फोनवर बोलू नका, फोनवर ते तुम्हाला परत बॅचमध्ये बसवतील. थोडी रक्कम कापून घेतली तरी घेऊ द्या, एक पगार गेला तरी वीसपेक्षा बरा. काय उत्तर येतं ते मला कळवा. आणि ताईला आज फोन करून सांगा की तिने नक्की कशावर सही केलीय, पत्रावरून तरी वाटतंय की तिला अजून ते फक्त ॲडमिशनचे पेपर वाटतायत.