पॉलिस्टायरीनचा (लांब साखळीचं प्लास्टिक) मोलर मास, म्हणजे साखळ्यांचं सरासरी वजन, एनएमआरवर 40 हजार येतोय, लाइट स्कॅटरिंगवर (रेणूंनी विखुरलेला प्रकाश मोजून) 68 हजार, आणि आरजी (साखळीच्या गुंडाळीचा आकार) दर वेळी वेगळाच. खरं काय मानायचं?

दोन्ही मास खरे, फक्त सरासऱ्या वेगवेगळ्या. आणि कुणी म्हणालं की दोघांच्या मधला 54 हजार लिहून टाक, तर अजिबात ऐकू नका. मला हाच सल्ला माझ्या गाइडनी भर ग्रुप मीटिंगमध्ये दिला होता, मी इतकी चिडले की दुसऱ्या दिवशी दोन स्टँडर्ड (मास आधीच माहीत असलेले नमुने) काढले, एक 10 हजारचं नि एक 1 लाखाचं, पहिलं 10 मिलिग्रॅम, दुसरं 100, म्हणजे रेणूंची संख्या सारखी. डोकी मोजून सरासरी 55 हजार, हे कागदावरच कळतं, मशीन कशाला पाहिजे. वजनाने काढली तर 92 हजार. टोल्युइनमध्ये विरघळवलं, दोनदा फिल्टर केलं, क्युवेट (काचेची छोटी कुपी) धुवून धुवून बोटं सुरकुतली, कारण धुळीचा एक कण लेझरसमोरून तरंगत गेला की सिग्नल टुणकन वर. लाइट स्कॅटरिंगवर आकडा आला 90 हजाराच्या आसपास, म्हणजे वजनाचीच सरासरी.

सर म्हणाले, "धूळ असेल."

अहो, दहापट जड रेणू एकटा शंभरपट प्रकाश फेकतो! मिरवणुकीत ढोलापुढे झांज किती ऐकू येते, तसंच आहे हे. एनएमआर साखळीची टोकं मोजतं, म्हणजे डोकी. तुमचं 68 भागिले 40 म्हणजे 1.7, सॅम्पलमध्ये लहानमोठ्या साखळ्यांची खिचडी आहे, बस.

आरजीचं म्हणाल तर एवढ्या साखळीचा तो 10 नॅनोमीटरच्याही आत असणार, लाल लेझरला तिथे कोन बदलून फरक कळतच नाही, तुम्ही नॉइज मोजताय. लिहूच नका. डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशाच्या चढउतारांवरून आकार काढायची पद्धत) करा, पण तिथली सरासरी आणखी वेगळी, मोठ्यांकडे अजून झुकलेली.

हां, एक राहिलं. डीएन-डीसी (एकाग्रता वाढली की द्रावणाचा अपवर्तनांक किती बदलतो तो आकडा) कुठला टाकलाय? टीएचएफचा (दुसरा एक द्रावक) 0.185 टोल्युइनला लावलात (तिथे 0.11 च्या आसपास) तर त्याचा वर्ग होतो आणि मास जेमतेम तिसरा हिस्सा दिसतो. आणि 40 हजारला एनएमआरमधली टोकांची पीक इतकी बारीक असते की तो आकडाही छातीठोक नाही, हे आधी सांगायला हवं होतं खरं तर.

थिसिसमध्ये सरांनी शेवटी नुसतं 'सरासरी मोलर मास' लिहायला लावलं. कुठली सरासरी ते मी तळटीपेत घातलं, तळटीपा ते वाचत नाहीत.