सगळे फोन एकदम वाय-फायवरून पडले? आधी सर्व्हरचं सर्टिफिकेट बघा

बेळगावजवळच्या होनग्याच्या प्लँटमधले सगळे हँडहेल्ड (माल स्कॅन करायचे फोन) सोमवारी सकाळी एकदम वाय-फायवरून पडले, लॅपटॉप मात्र चालू आहेत, मुख्यालय म्हणतंय अ‍ॅक्सेस पॉइंट तपासा आणि मॅनेजर म्हणतोय सर्टिफिकेटचं खूळ काढा, पासवर्ड लावा. तुमची ही पोस्ट वाचली आणि उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यावर आलेली तीच वेळ आठवली. ईएपी-टीएलएस (पासवर्डऐवजी फोन आणि सर्व्हरने एकमेकांचं सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, तपासायचं), रेडियस (वाय-फायवर कुणाला घ्यायचं ते ठरवणारा सर्व्हर) वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो.

अ‍ॅक्सेस पॉइंट रीस्टार्ट करत बसू नका. फोनची सर्टिफिकेटं वेगवेगळ्या दिवशी दिलेली असतात, त्यामुळे ती संपतानाही एकेक करून संपतात. (सगळे फोन एकाच दिवशी नोंदवले, म्हणजे एनरोल केले असतील तर गोष्ट वेगळी.) सगळे एकदम पडले आणि लॅपटॉप वाचले, तर माझा संशय सर्व्हरच्या स्वतःच्या सर्टिफिकेटवर आहे.

रेडियससाठी फ्रीरेडियस हे सॉफ्टवेअर असेल तर लॉगमध्ये ‘टीएलएस अलर्ट’ची ओळ शोधा. तिच्यात ‘रीड’ असेल तर अलर्ट फोनकडून आलाय, म्हणजे फोनने सर्व्हरला नाकारलं. ‘राइट’ असेल तर सर्व्हरने फोनला नाकारलं. आमच्याकडे प्रत्येक फोनमागे ‘रीड, फेटल, अननोन सीए’ अशी ओळ पडत होती. सीए म्हणजे सर्टिफिकेट देणारी यंत्रणा, ती फोनच्या ओळखीची नव्हती. विंडोजचा एनपीएस (मायक्रोसॉफ्टचा रेडियस सर्व्हर) असेल तर ६२७३ नंबरचा इव्हेंट आणि त्यातला रीझन कोड बघा, खरं तिथं इतकं स्वच्छ कळत नाही.

आमच्याकडे झालं असं. मुख्यालयात सर्टिफिकेटं बघणारा एक विभाग आहे, नाव घेत नाही. जुनं रूट (सीएचं मूळ सर्टिफिकेट, ज्याच्यावरून बाकीची तपासतात) संपत आलं म्हणून त्यांनी नव्या सीएकडून रेडियसचं सर्टिफिकेट काढलं आणि शनिवारी रात्री बदलून टाकलं. नवं रूट ग्रुप पॉलिसीने (विंडोजच्या मध्यवर्ती सेटिंगने) लॅपटॉपवर पोचलं. फोनच्या एमडीएम (फोन दुरून सांभाळायचं सॉफ्टवेअर) प्रोफाइलमध्येही ते घालावं लागतं, हे तिथं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आमच्या हँडहेल्डना सिम नाही, त्यांचं एकुलतं एक नेटवर्क म्हणजे हेच वाय-फाय. म्हणजे नवं प्रोफाइल यायला वाय-फाय पाहिजे आणि वाय-फायला नवं प्रोफाइल.

तिकीट टाकलं तर उत्तर आलं, ‘तुमच्या साइडचा प्रॉब्लेम आहे’, आणि तिकीट बंद. पुन्हा उघडून लॉगची ओळ चिकटवली, नव्या रूटची फाइल तरी द्या म्हटलं. त्यावर उत्तर काय, तर ‘सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही’! अहो, रूटचं सर्टिफिकेट वाटण्यासाठीच असतं, जपायची असते ती प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त किल्ली. हे सर्टिफिकेट विभागातल्या माणसाला आपण सांगायचं म्हणजे कमाल आहे. शेवटी एका लॅपटॉपच्या सर्टिफिकेट स्टोअरमधून आम्ही ती फाइल एक्सपोर्ट केली. तुम्हीही तेच करा, कुणाच्या परवानगीची वाट बघू नका. फक्त फाइलचा फिंगरप्रिंट (तिचा ओळख-आकडा) दुसऱ्या लॅपटॉपवरच्याशी ताडून घ्या.

तोवर डिस्पॅचला काय हाल! कोल्हापूरला जायचा माल, गाडी भरलेली, सीमेवरची कोगनोळी ओलांडली की दुसरं राज्य. ५०,००० रुपयांच्या वरचा माल, म्हणजे ई-वे बिलाशिवाय (जीएसटीच्या मालवाहतुकीच्या कागदाशिवाय) गाडी हलवायची सोय नाही. बिल केबलवरच्या कॉम्प्युटरवरून निघतं, खरं त्याला लागणारी स्कॅनिंगची यादी कुठाय? स्टोअरची पोरं बॅटरी लावून एकेका कास्टिंगवरचा हीट नंबर (ते कुठल्या वितळणीतलं ते सांगणारा) वहीत उतरवत होती. तीन आणि आठ एकसारखे दिसतात त्या ठशांत.

आता तुमच्यासाठी. फक्त एनरोलमेंटसाठी वेगळं एसएसआयडी (वाय-फायचं नाव) काढा, लांबलचक पासवर्डचं, त्यावरून कारखान्याचं काहीही उघडता कामा नये. तिथून एमडीएम सर्व्हर दिसला म्हणजे झालं असं वाटतं, पण तेवढ्यावर भागत नाही. अँड्रॉइडला गूगलच्या पुश सेवेसाठी ५२२८ ते ५२३० हे पोर्ट लागतात, आयफोनला अ‍ॅपलचा ५२२३. ते बंद असले की फोन नुसता जोडलेला दिसतो आणि प्रोफाइल काही येत नाही. हँडहेल्ड किऑस्क मोडमध्ये (ठरवून दिलेलंच काम करू देणाऱ्या) असतील तर वाय-फायची सेटिंगच उघडत नाहीत, म्हणून हे नेटवर्क प्रोफाइलमध्ये आधीपासून घातलेलं बरं. तुमच्याकडे आत्ता ते नसणार, त्यामुळे या खेपेला एकेक फोन हातात घेऊन किऑस्कमधून बाहेर काढावा लागेल.

चार्जिंग संपून कपाटात पडलेले फोन वेगळे काढा. सिम नसलेला फोन कधीकधी जुनी तारीख घेऊन उठतो. मग सर्व्हरचं नवं सर्टिफिकेट त्याला अजून लागूच झालेलं नसतं आणि तो ते नाकारतो. आधी तारीख बघा, मग बाकीचं.

कामगारांच्या स्वतःच्या फोनसाठी चिठ्ठी काढाल तर शब्दांत लिहू नका, स्क्रीनचे फोटो द्या. कुणाचा फोन कन्नडमध्ये, कुणाचा मराठीत, कुणाचा इंग्रजीत. फोनवरून ‘तिसऱ्या ओळीवर दाबा’ सांगून आमचा घसा बसला.

पुढच्या वेळी क्रम असा ठेवा: जुन्या रूटच्या जोडीला नवं रूट प्रोफाइलमध्ये घाला, सगळ्या फोनवर पोचल्याचं एमडीएममध्ये दिसू द्या, मगच सर्व्हरचं सर्टिफिकेट बदला. सर्व्हरचं नाव मात्र तेच ठेवा, कारण अँड्रॉइडच्या ‘डोमेन’ रकान्यात तेच भरलेलं असतं. मुख्यालयाकडून हे लेखी घ्या. तोंडी ‘हो हो’ला किंमत नाही.

मॅनेजरसाहेबांच्या पासवर्डबद्दल माझं मत कडक आहे. युझरनेम-पासवर्डवाल्या पीईएपी पद्धतीत आत एमएस-चॅप-व्ही२ हा पासवर्ड तपासायचा जुना प्रोटोकॉल असतो, आणि तो एका डीईएस (जुन्या, कमकुवत कूटपद्धतीच्या) कीच्या ताकदीवर आणून फोडता येतो हे २०१२ मध्येच डेफकॉनला (हॅकरांच्या परिषदेत) दाखवून झालंय. त्यात फोन सर्व्हर तपासत नसला तर गेटबाहेर त्याच नावाचं खोटं वाय-फाय लावून कुणीही पासवर्डचा माग काढेल. शिवाय ‘तपासू नका’ हा पर्याय गूगलने डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून पिक्सेलवरून काढला आणि नंतर बाकीच्या फोनवरूनही तो जात राहिला. म्हणजे पासवर्डवर गेलात तरी सीएचं लफडं सुटत नाहीच.

आणखी एक, कुणी ‘बाहेरच्या सीएचं सर्टिफिकेट घ्या, रूट फोनमध्ये असतंच’ म्हणेल. मी घेणार नाही. असल्या सर्टिफिकेटांची मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवसांवर आली, २०२७ ला १०० आणि २०२९ ला ४७ दिवस होणार. दर वेळी धाकधूक कशाला?

हे सगळं आमच्या सेटअपवरून सांगतोय, मी काही सिक्युरिटी ऑडिटर नाही. आधी एकाच फोनवर करून बघा. आणि तुमचा रेडियस मुख्यालयात, व्हीपीएनपलीकडे असेल तर अजून एक शक्यता उरते. सर्टिफिकेटची पाकिटं (नेटवर्कवरचे पॅकेट) मोठी असतात, वाटेत तुकडे होऊन गळतात. तेव्हा लॉगमध्ये नकार दिसत नाही, नुसती चॅलेंजवर चॅलेंज (सर्व्हरची पुन्हा पुन्हा विचारणा) आणि टाइमआउट. तसं असेल तर फ्रेम्ड-एमटीयू (रेडियसमधलं पाकिटाच्या आकाराचं सेटिंग) १३०० च्या आसपास आणून बघा.

लॉगमधली ती ओळ जशीच्या तशी इथे टाका, सर्व्हरचं नाव खोडून. ‘रीड’ आहे की ‘राइट’ ते कळलं की पुढचं सांगतो.