अनोळखी गिऱ्हाईक आणि आडरानातले शेत

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात शेतजमिनींच्या खरेदी-विक्रीची मध्यस्थी करते. अनोळखी गिऱ्हाईक सायंकाळी एकटीलाच शेत दाखवायला बोलावते, तेव्हा काय करावे?

उत्तर : सायंकाळची वेळ सरळ नाकारावी, ज्याला जमीन खरोखरच घ्यायची आहे, तो विहीर, धुरा (बांध) आणि पांदण (शेतरस्ता) उजेडातच पाहील. पहिली भेट ग्रामपंचायतीसमोर घ्यावी, गिऱ्हाइकाच्या ओळखपत्राचा फोटो घरी पाठवावा आणि स्वतःच्याच वाहनाने जावे. मोबाइलचे लाइव्ह लोकेशन उपयोगाचे खरे, पण तुरीच्या शिवारात रेंज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून गट क्रमांक व परतण्याची वेळ घरी सांगून, शेतमालकाला किंवा पोलीस पाटलांना कल्पना देऊनच निघावे. गाडीचे तोंड रस्त्याकडे ठेवावे. शेतातल्या कोठ्यात (गोठ्यात) गिऱ्हाइकाच्या आधी शिरू नये. इसाराची (सौद्याच्या आगाऊ रकमेची) रोकड शेतावर घेणे तर निव्वळ अविचार आहे. संशय येताच 112 क्रमांक लावावा.