उन्हाळ्यात ध्रुवाजवळ ८५ किमीवरून रडारला सिग्नल परत कसा येतो? आणि कुलाब्याच्या रडारला तो का दिसत नाही?

मी परळला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, हा विषय फार जवळचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे लक्षात घ्या की ध्रुवाजवळ ८५ किमीवर सगळ्यात जास्त थंडी उन्हाळ्यातच पडते, उणे १४० अंशांच्या आसपास. खालून वर गेलेल्या हवेच्या लाटा तिथे फुटतात, त्यांच्या धक्क्याने हवा उन्हाळ्याच्या ध्रुवाकडून हिवाळ्याच्या ध्रुवाकडे ढकलली जाते, मग ती जागा भरायला खालची हवा वर चढते, प्रसरण पावते आणि गार होते. तिथे वाफ अगदी नावाला असते पण एवढ्या थंडीत तिचाही बर्फ होतो.

आता बऱ्याच जणांना वाटतं की रडार हा बर्फ बघतं, तर तसं नाही. ते कण नॅनोमीटरमधले, त्यांच्यावरून काय परत येणार! सिग्नल येतो मोकळ्या इलेक्ट्रॉन्सवरून. हवेतल्या खळबळीने इलेक्ट्रॉन्सचे दाट-विरळ पट्टे पडतात, एरवी ते अगरबत्तीच्या धुरासारखे लगेच पसरून विरून जातात, पण बर्फाच्या कणांवर इलेक्ट्रॉन चिकटून ते चार्ज होतात, आणि असे जड चार्ज झालेले कण आजूबाजूला असले की बाकीच्या इलेक्ट्रॉन्सनाही पटकन पसरता येत नाही. पट्ट्यांमधलं अंतर रडारच्या निम्म्या वेव्हलेंग्थइतकं असलं की सिग्नल जोरात परत येतो. ५० मेगाहर्ट्झला हे अंतर ३ मीटर, अलास्कातल्या पोकर फ्लॅटचं रडार असंच होतं आणि तिथले हे जोरदार एको (म्हणजे परत आलेले सिग्नल) १९८१ मध्ये छापून आले.

मला सगळ्यात भारी वाटतो तो नॉर्वेतल्या ट्रोम्सोचा प्रयोग. तिथे जमिनीवरून ताकदवान रेडिओ लहरी सोडून वरचे इलेक्ट्रॉन तापवले तर एको लगेच कमजोर झाला, आणि हीटर बंद केल्यावर लगेच परत आला! बर्फ काही इतक्या झटपट वितळून परत गोठत नाही, म्हणजे खेळ इलेक्ट्रॉन्सचाच.

कुलाब्याचं रडार पावसासाठी आहे, वेव्हलेंग्थ साधारण १० सेंटीमीटर, म्हणजे त्याला ५ सेंटीमीटरचे पट्टे लागतील आणि एवढे बारीक पट्टे तिथे टिकणं फार अवघड. शिवाय मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर, आपल्या डोक्यावर त्या उंचीला उन्हाळ्यात ती थंडीच नसते. तिरुपतीजवळ गदंकीला ५३ मेगाहर्ट्झचं रडार आहे, त्याला दिवसा ७०-८० किमीवरून एको मिळतात, पण ते बर्फाशिवायचे, नुसत्या खळबळीचे.