इंचभर चौकोनात तेरा तुकडे

प्रश्न : ताई, बाहुलीघरातल्या पलंगासाठी १:१२ प्रमाणात लॉग केबिन क्विल्ट (मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडत जायची गोधडी) करायची आहे. मोठ्या क्विल्ट मी नेहमी करते, पण एवढ्या बारीक पट्ट्या जोडल्या की एक चौकोन दुसऱ्याशी जुळत नाही. कागदावर शिवून हे साधतं म्हणे. कसं?

उत्तर : साधतं, आणि या मापाला मी दुसरी पद्धत सुचवणारच नाही. आधी हिशेब पाहा. १२ इंचांचा ब्लॉक, म्हणजे क्विल्टचा एक चौकोन, तुमच्या प्रमाणात १ इंचाचा होतो. मधला चौकोन पाव इंच, भोवती पट्ट्यांचे तीन फेरे आणि प्रत्येक पट्टी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. एका इंचात १३ तुकडे झाले! नेहमीची पाव इंच माया, म्हणजे शिवणीबाहेर राखलेलं कापड, इथे पट्टीच्या दुप्पट रुंद ठरते, आणि प्रत्येक शिवणीत केसभर फरक पडला तरी तिसऱ्या फेऱ्यापर्यंत चौकोन वाकडा होतो. कागदावर माप आधीच रेषेत आलेलं असतं. त्या रेषेवर टीप मारायची, एवढंच तुमच्याकडे उरतं.

ब्लॉक पातळ कागदावर काढा, तुकड्यांना शिवायच्या क्रमाने आकडे द्या आणि सगळ्या रेषांवर आधीच घड्या पाडून घ्या. कापड कोऱ्या बाजूला लागतं, टीप रेषेच्या बाजूने पडते. पहिला तुकडा सुलट बाजू वर ठेवून कोऱ्या बाजूला डिंकाच्या कांडीने टेकवा. कागद उजेडात धरून तो रेषांच्या बाहेर सगळीकडे पुरतोय ना, ते बघा. त्यावर दुसरी पट्टी सुलटीला सुलट लावून ठेवा, कागद पालटा आणि १ व २ च्या मधल्या रेषेवर टीप मारा. दोन्ही टोकांना रेषेच्या पुढे दोन-तीन टाके जाऊ द्या. पट्ट्या पाऊण इंच रुंद कापल्या तरी चालतात, जास्तीचं नंतर जातंच. टाका दीड मिलिमीटरचा ठेवा.

आता खरं काम. कागद त्या रेषेवर मागे दुमडा आणि उघडी पडलेली माया एक सुतापेक्षा किंचित कमी ठेवून कापा. किंचित कमी अशासाठी, की पट्टीच एक सुताची आहे. माया पूर्ण सुताची ठेवली तर ती पुढच्या शिवणीखाली जाते आणि तिथे कापडाचे थर साचतात. गडद कापडाची माया फिक्यापेक्षा अजून जराशी कमी करा, नाहीतर ती फिक्या पट्टीतून काळपट दिसते. मग पट्टी उलगडून कोरड्या इस्त्रीने दाबा. वाफ नको, कागद आकसतो. ही कापणी प्रत्येक शिवणीनंतर लगेच व्हायला हवी, कारण पुढचे तुकडे बसले की आतल्या मायेपर्यंत कात्री नीट पोचत नाही. लहान क्विल्टची मागची बाजू मी पुढच्या बाजूइतक्याच काळजीने बघते. पुढचा सपाटपणा तिथेच ठरतो.

बाहेरच्या कडेला मात्र पूर्ण पाव इंच माया राखा. ब्लॉक एकमेकांना जोडून झाले की तीही कमी करता येते.

प्रश्न : सरळ पट्ट्या जमतात. त्रिकोण मात्र शिवून उलटला की एक कोपरा उघडा राहतो. तुकडा तर मोठाच घेतलेला असतो.

उत्तर : तुकडा मोठा असतो, पण तिरका बसतो. शिवताना तो पालथा असतो आणि रेषेभोवती फिरून जागेवर येतो. तिरप्या रेषेवर तो कुठे जाऊन पडेल याचा डोळ्यांना अंदाज येत नाही. म्हणून टीप मारण्याआधी नेमकी त्या रेषेवर टाचणी लावा आणि तुकडा उलगडून उजेडात बघा. तिन्ही कोपरे झाकले जाऊन भोवती माया उरली, तरच मशीनकडे जा. शक्य असेल तिथे त्रिकोणाची ब्लॉकच्या कडेला येणारी बाजू कापडाच्या सरळ धाग्यावर घ्या. उरेब, म्हणजे धाग्याला तिरपी कापलेली, कड ताणली जाते आणि ब्लॉक लाटेसारखा उठतो.

प्रश्न : होडीचं शीड डावीकडे हवं होतं, उजवीकडे आलं. शिवाय ब्लॉकही मापापेक्षा लहान झाला.

उत्तर : छापलेल्या बाजूच्या पाठीमागे कापड लागतं, त्यामुळे चित्र आरशातल्यासारखं उलटतं. होडी, अक्षरं, घर अशा एकाच बाजूला झुकणाऱ्या आकृत्या उलट्या करून छापा. मापासाठी छपाई १०० टक्के ठेवा, ‘पानावर बसवा’ हा पर्याय बंद करा. नमुन्याशेजारी एक इंचाचा चौकोन छापून तो पट्टीने मोजला की खात्री होते.

प्रश्न : कागद केव्हा काढायचा? काढताना टाके सैल होतात. त्यापेक्षा मलमलीवर शिवलं तर?

उत्तर : सगळे ब्लॉक जोडून झाल्यावर काढा. तोवर तो कडांना धरून ठेवतो. टाके सैल होतात ते बहुधा लांब असल्यामुळे. आखूड टाक्याने कागदाला जवळजवळ भोकं पडतात आणि तो शिवणीवर सहज फाटतो. शिवण बोटाने दाबून धरा, कागद रेषेच्या दिशेने ओढा. कोपऱ्यातल्या कपच्या चिमट्याने निघतात.

मलमल काढावी लागत नाही, हे सोयीचं खरं. पण तो एक थर कायम आत राहतो. भिंतीवर लावायच्या तुकड्याला चालेल. पलंगावरून कडेला खाली पडायला हवी अशा क्विल्टला मी कागदच वापरेन.

प्रश्न : वरची बाजू सुंदर झाली, पण आत भरण घालून कडा शिवल्यावर उशीसारखी फुगली.

उत्तर : नेहमीचं भरण या मापात फार जाड पडतं. आत फलानीचा एकच पातळ थर घाला. पलंगावर पसरायची असेल तर तोही गाळा, वरचं कापड आणि मऊ मलमलीचं अस्तर पुरतं. टाके थोडेच, शिवणीच्या खाचेतून घाला. दाट टाक्यांनी ती पुठ्ठ्यासारखी कडक होते. कडेसाठी दुहेरी पट्टी वापरू नका. अर्धा इंच रुंद एकेरी पट्टी सुलट बाजूने एक सुतावर शिवा, मागे वळवा, उरलेलं सूतभर आत दुमडून हाताने बारीक टाक्यांनी टिपून घ्या. कडा सरळ असल्याने पट्टी उरेब कापायची गरज नाही.